पेन्शनचा पर्याय भरण्याआधी: कोकणातल्या सरकारी नोकरदारांसाठी

कुठली पेन्शन योजना हवी ते सांगणाऱ्या पर्याय अर्जात खूण करायची जागा बोटभरसुद्धा नसते. पण त्या खुणेवर निवृत्तीनंतरची सगळी वर्षं ठरतात, आणि आपल्यामागे घरात राहणाऱ्या माणसाचीही.

मंडणगडपासून दोडामार्गपर्यंत कुठल्याही तालुक्याच्या ऑफिसात हा अर्ज बहुतेक जण शेजारच्या टेबलावर विचारून भरतात. ‘तू काय केलंस? मग मीपण तेच करतो.’ शेजारच्याला नोकरी तेविसाव्या वर्षी लागली, तुम्हाला अडतिसाव्या. त्याची बायको शिक्षिका, तिची स्वतःची पेन्शन येणार. तुमच्या घरात एकच पगार. त्याची मुलं पुण्याला स्थिरावली, तुमच्याकडे आयुष्यभर सांभाळावं लागेल असं लेकरू. मग दोघांना एकच पर्याय कसा बसणार? माझं म्हणणं एवढंच आहे की निवृत्तीपर्यंत आपली सेवा किती भरते आणि आपल्यामागे घरात कोण राहणार, या दोन गोष्टी आधी कागदावर मांडा. निवृत्तीच्या दिवशी हातात किती लाख पडतात, हा प्रश्न त्यानंतरचा.

आपण कुठल्या गटात ते आधी ठरवा

पहिला प्रश्न असा की तुमचा नेमणूक आदेश कुणी काढला? राज्य शासन, जिल्हा परिषद, अनुदानित शाळा, की केंद्र सरकार? तहसील, पंचायत समिती, वनखातं, प्राथमिक आरोग्य केंद्र, झेडपीची शाळा इथली माणसं राज्याच्या नियमांत येतात. पोस्ट, कस्टम्स, आयकर, दीपगृहं ही केंद्राची खाती. दोघांच्या तारखा वेगळ्या, अर्ज वेगळे, निवृत्तीचं वयही वेगळं. व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज केंद्राचा असतो आणि तो वाचून राज्याचा कर्मचारी निर्णय घेऊन बसतो. सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

राज्याची तारीख १ नोव्हेंबर २००५. त्याआधी सेवेत असलेल्यांना जुनी पेन्शन. त्या दिवसापासून पुढे लागलेल्यांना परिभाषित अंशदान योजना, म्हणजे आपण ज्याला डीसीपीएस म्हणतो ती. पुढे १ एप्रिल २०१५ पासून हीच माणसं एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत गेली. केंद्राची तारीख १ जानेवारी २००४.

नेमणूक या तारखेनंतरची, पण भरतीची जाहिरात तिच्याआधीची असेल तर? अशा लोकांना जुन्या पेन्शनचा एक वेळचा पर्याय मिळाला होता. राज्याचा तो शासन निर्णय २ फेब्रुवारी २०२४ चा, आणि पर्याय द्यायला सहा महिने होते. केंद्राने ३ मार्च २०२३ ला तसाच आदेश काढला. त्यात जाहिरात २२ डिसेंबर २००३ पूर्वीची असावी अशी अट होती. ज्यांनी तेव्हा पर्याय दिला त्यांनी एक गोष्ट आता तपासावी: जुनी पेन्शन लागू झाल्याचा आदेश सेवापुस्तकात चिकटवला आहे का, आणि भविष्य निर्वाह निधीचं म्हणजे जीपीएफचं खातं खरोखर उघडलं का. आदेश फाइलमध्ये आणि कपात अजून एनपीएसमध्ये, असं असेल तर ते आत्ताच मिटवून घ्या. निवृत्तीच्या तोंडावर ते निस्तरायला फार त्रास होतो.

नेमणूक २००५ पूर्वीची पण शाळेला शंभर टक्के अनुदान त्यानंतर, अशा शिक्षकांचा प्रश्न वेगळा आहे. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. तुम्ही त्या गटात असाल तर या लेखावर विसंबू नका. आपल्या संघटनेकडून आपल्याच प्रकारच्या प्रकरणातला आदेश मिळवा.

महामंडळातली माणसं या लेखाच्या बाहेर. एसटीच्या चालक-वाहकांना ईपीएस-९५, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतली १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना आहे. कोकण रेल्वे आणि महावितरण यांचे नियम त्यांच्या त्यांच्या परिपत्रकात असतात. खेड्यातले शाखा डाकपाल आणि पत्र वाटणारे ग्रामीण डाक सेवकही नियमित केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या या पर्यायांत येत नाहीत.

कोणत्या योजनेत काय मिळतं

जुनी पेन्शन सगळ्यांना ठाऊक आहे: शेवटच्या बेसिकच्या निम्मी रक्कम, त्यावर महागाई वाढ, मागे कुटुंब निवृत्तिवेतन, आणि पगारातून पेन्शनसाठी काही कपात नाही. १४ ते २० मार्च २०२३ या दिवसांत ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभर संप झाला तो हिच्यासाठीच. त्या संपामुळे निदान पुढचे पर्याय टेबलावर आले, हे मान्य करायला हवं.

एनपीएसमध्ये तुमच्या बेसिक आणि डीएच्या, म्हणजे महागाई भत्त्याच्या, १० टक्के कपात होते, शासन १४ टक्के घालतं. रक्कम बाजारात गुंतते. निवृत्तीला ६० टक्क्यांपर्यंत रक्कम हातात घेता येते आणि निदान ४० टक्क्यांची विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यावी लागते. तीच तुमची पेन्शन. किती मिळेल ते जमा किती झाली आणि त्या दिवशी वार्षिकीचा दर काय आहे यावर ठरतं. एकदा ठरलेली रक्कम साधारणपणे तीच राहते, महागाईबरोबर वाढत नाही.

यूपीएस म्हणजे एकीकृत निवृत्तिवेतन योजना. केंद्राने ती २४ ऑगस्ट २०२४ ला मंजूर केली आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू केली. केंद्राच्या पाठोपाठ दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. हिचे बारकावे नीट समजून घ्या, कारण बहुतेक गैरसमज हिच्याबद्दलच आहेत.

निवृत्तीआधीच्या बारा महिन्यांच्या बेसिकची सरासरी काढतात. अर्हताकारी सेवा, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा, २५ वर्षं, म्हणजे ३०० महिने भरली तर त्या सरासरीच्या ५० टक्के पेन्शन. सेवा कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. दहा वर्षं भरलीच पाहिजेत, आणि ती भरली तर दरमहा निदान १०,००० रुपये. यावर महागाई वाढ मिळते. पेन्शनर गेल्यावर त्याला मिळत असलेल्या रकमेच्या ६० टक्के जोडीदाराला. शिवाय निवृत्तीला एकरकमी रक्कम: पूर्ण झालेल्या दर सहा महिन्यांच्या सेवेमागे बेसिक अधिक डीएचा दहावा हिस्सा. ही रक्कम घेतल्याने पेन्शन कमी होत नाही, आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांना ग्रॅच्युइटी याशिवाय वेगळी मिळते.

सरासरी बारा महिन्यांची आहे, शेवटच्या महिन्याची नाही, हे लक्षात ठेवा. निवृत्तीआधी चार महिने बढती मिळाली तर जुन्या पेन्शनमध्ये तिचा पूर्ण फायदा दिसतो. इथे तो बारा महिन्यांत विरघळतो.

दुसरा बारकावा जमा रकमेचा. यूपीएसमध्ये तुमच्या नावे एक प्रत्यक्ष जमा असते आणि एक ‘बेंचमार्क’ जमा. बेंचमार्क म्हणजे सगळे हप्ते वेळेत पडले, मधे काही काढलं नाही आणि गुंतवणूक ठरलेल्या पद्धतीने चालली, तर जितकी जमा झाली असती तितकी. निवृत्तीला प्रत्यक्ष जमा बेंचमार्कपेक्षा कमी भरली आणि तूट तुम्ही भरून काढली नाही, तर पेन्शन त्या प्रमाणात कमी होते. बेंचमार्क ५० लाख आणि तुमची जमा ४५ लाख असेल तर ३०,००० च्या जागी २७,००० हातात येतात. गावचं घर बांधायला किंवा मुलीच्या लग्नाला मधेच रक्कम काढली असेल तर हा हिशेब तुम्हाला लागू आहे. जमा बेंचमार्कहून जास्त भरली तर वरची रक्कम परत मिळते.

यूपीएसमध्येही निवृत्तीला जमेच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते, हे खरं आहे. पण जितका टक्का काढाल तितक्या टक्क्याने पेन्शन उतरते. ३०,००० ची पेन्शन असेल आणि पूर्ण ६० टक्के काढले तर दरमहा उरतात १२,०००. महागाई वाढही त्या उरलेल्या रकमेवरच, आणि मागे राहणाऱ्याचे ६० टक्केही त्यातूनच. घरावर कर्ज असेल तर काही रक्कम काढणं समजू शकतो. नवी गाडी घ्यायला काढू नये, हे माझं ठाम मत आहे.

राज्याच्या कर्मचाऱ्यांपुढे आणखी एक पर्याय आहे, ‘सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना’. शेवटच्या पगाराच्या ५० टक्के पेन्शन, त्यावर महागाई वाढ, आणि ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन, असं राज्याने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलं. त्यामुळे राज्याच्या माणसाला एनपीएस, सुधारित एनपीएस आणि यूपीएस या तिन्हींतून निवड करायची आहे. सुधारित योजनेचा शासन निर्णय स्वतः वाचा, दुसऱ्याने काढलेला सारांश नको. त्यात दोन कलमं पेन्सिलने खुणा करून ठेवा: पूर्ण पेन्शनसाठी किती अर्हताकारी सेवा लागते, आणि एनपीएसमध्ये साठलेल्या तुमच्या रकमेचं निवृत्तीला काय होणार. पन्नास टक्के हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, पण योजनांमधला खरा फरक या दोन कलमांत आहे.

सेवा महिन्यांत मोजा

आता कागद-पेन घ्या. निवृत्तीची तारीख लिहा: राज्यात साधारणपणे ५८ व्या वर्षी, गट ड असेल तर ६०, केंद्रात ६०. त्यातून रुजू तारीख वजा करा आणि उत्तर महिन्यांत काढा.

आपल्याकडे हा हिशेब फार महत्त्वाचा आहे, कारण इथे नोकरी उशिरा लागते. आधी मुंबईत खाजगीत चार-पाच वर्षं, मग परत येऊन कंत्राटी, मग एकदाची भरती. राज्याच्या भरतीत खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत वयोमर्यादा आहे. त्या मर्यादेवर लागलेल्या माणसाची सेवा किती भरणार?

समजा राजापूर तालुक्यातल्या एका आरोग्यसेविकेला अडतिसाव्या वर्षी नेमणूक मिळाली. ५८ ला निवृत्ती, म्हणजे सेवा २४० महिने. शेवटच्या वर्षाची सरासरी बेसिक ६०,००० धरू. २५ वर्षं भरली असती तर यूपीएसमध्ये ३०,००० मिळाले असते. तिचे २४० महिने म्हणजे ३०० च्या चार-पंचमांश. म्हणून २४,००० अधिक महागाई वाढ. तिच्यामागे नवऱ्याला १४,४००. डीए बेसिकच्या निम्मा धरला तर बेसिक आणि डीए मिळून ९०,०००. त्याचा दहावा हिस्सा ९,०००, आणि वीस वर्षांत सहा-सहा महिन्यांचे चाळीस तुकडे. एकरकमी रक्कम ३,६०,०००.

तीच बाई त्रेचाळिसाव्या वर्षी लागली असती तर सेवा १५ वर्षं आणि यूपीएसमध्ये पेन्शन १८,०००. पन्नास टक्क्यांच्या जागी तीस. म्हणून उशिरा लागलेल्या राज्य कर्मचाऱ्याने यूपीएसची पंचवीस वर्षांची अट आणि सुधारित एनपीएसची सेवेची अट शेजारीशेजारी लिहून आपले महिने दोन्हींत घालून पाहावेत. एकाच माणसाला दोन योजनांत वेगळा आकडा येतो तो इथे.

खेड, चिपळूणकडचे बरेच जण लष्करातून निवृत्त होऊन दुसरी नोकरी धरतात. पंचेचाळिसाव्या वर्षी पोस्टात लागलेल्या माजी सैनिकाची साठाव्या वर्षापर्यंत पंधरा वर्षं होतात. त्याला लष्कराची पेन्शन आहेच. त्यामुळे दरमहाची हमी त्याला तितकी निकडीची नाही, आणि एनपीएसमधली जमा मुलांपर्यंत पोचवणं त्याला जास्त उपयोगी पडू शकतं. वयाने आणि सेवेने त्याच्यासारखाच, पण दुसरी कुठलीच आवक नसलेला माणूस असेल तर मी त्याला यूपीएसकडे बघायला सांगेन.

महिने मोजताना सेवापुस्तक समोर हवं. बिनपगारी रजा, निलंबनाचा काळ, संपातले दिवस, कंत्राटी किंवा शिक्षणसेवक म्हणून काढलेली वर्षं यातलं काय अर्हताकारी धरलं आहे ते त्यातल्या नोंदींवरून ठरतं. आठवणीवर जाऊ नका. एकोणीस वर्षं अकरा महिने आणि वीस वर्षं यांत काय फरक पडतो ते आस्थापनेच्या क्लार्कला विचारा.

आपल्यामागे कोण

याच मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त जीव तोडून सांगतो, कारण इथे चूक झाली तर ती भोगणारं माणूस दुसरंच असतं.

यूपीएसमध्ये निवृत्तीनंतर पेन्शनर गेला तर ६० टक्के मिळतात ते कायदेशीर विवाहित जोडीदाराला, आणि निवृत्तीच्या दिवशी जो जोडीदार आहे त्यालाच. मुलगा, अविवाहित मुलगी, दिव्यांग अपत्य, आई यांना त्यातून दरमहा काही जात नाही. जुन्या पेन्शनमध्ये दिव्यांग मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायची सोय होती, म्हणून लोक गृहीत धरतात की इथेही असेल. ते गृहीत धरू नका.

घरात बायको आहे, तिला स्वतःची आवक नाही, वयाने ती तुमच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान आहे, अशा घराला यूपीएस फार उपयोगाची. तुमच्यामागे ती दहा-पंधरा वर्षं काढू शकते, आणि तिच्या रकमेवर महागाई वाढ लागत राहते. बाजारातली कुठलीही वार्षिकी तिला हे देत नाही.

विधुर, अविवाहित, किंवा जोडीदाराची स्वतःची पेन्शन असलेल्यांचं गणित उलटं. यूपीएसमध्ये साठलेली जमा निवृत्तीला सामायिक निधीत जाते आणि तिच्या बदल्यात हमीची पेन्शन मिळते. मागे जोडीदार नसेल तर मुलांच्या हाती त्या जमेतलं काही येत नाही. एनपीएसमध्ये मात्र वार्षिकी निवडताना खरेदी किंमत परत मिळणारा प्रकार घेता येतो: आधी तुम्हाला, मग जोडीदाराला, आणि दोघांच्या पश्चात गुंतवलेली मूळ रक्कम वारसांना. कौटुंबिक उत्पन्नाच्या प्रकारात जोडीदारानंतर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही वार्षिकी चालू राहते आणि शेवटी रक्कम मुलांकडे जाते. दरमहाची रक्कम थोडी कमी येते, पण घरात दिव्यांग लेक असेल तर तिच्या नावे काहीतरी राहतं. अशा घराने यूपीएसवर खूण करण्याआधी दहादा विचार करावा.

नोकरीत असताना मृत्यू आला तर गोष्ट वेगळी. केंद्रीय कर्मचाऱ्याला त्यासाठी आधीच पर्याय देऊन ठेवता येतो: कुटुंबाला जुन्या नियमांप्रमाणे कुटुंब निवृत्तिवेतन हवं की योजनेतले लाभ. राज्यानेही ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने एनपीएसच्या माणसांना कुटुंब निवृत्तिवेतन, रुग्णता निवृत्तिवेतन आणि उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी लागू केलं. हा पर्यायाचा कागद भरून सेवापुस्तकात लावून ठेवा. एकट्या कमावत्या माणसाच्या घराला जुन्या नियमांचं कुटुंब निवृत्तिवेतनच बहुधा जास्त आधार देतं.

एनपीएसमध्ये राहायचं असेल तर

एनपीएसला सरसकट वाईट म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. तरुणपणी लागलेल्या, शिस्तीने राहणाऱ्या माणसाची जमा मोठी होते. समजा ५० लाख जमले. ४० टक्के म्हणजे २० लाखांची वार्षिकी. दर सहा टक्के धरला तर महिन्याला १०,०००. हातातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तिथली कमाल मर्यादा तेवढीच आहे, तर ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० व्याज येतं. महिन्याला २०,५०० पडले. दोन्ही मिळून ३०,५००, आणि तीस लाख शाबूत.

आकडा यूपीएसपेक्षा कमी दिसत नाही. पण हा आकडा दहा वर्षांनंतरही एवढाच असेल. बचत योजनेची मुदत पाच वर्षं, मग पुन्हा गुंतवताना दर काय असेल ते त्या वेळेवर. आणि तीस लाख हातात आल्यावर भावकी, मुलाचा धंदा, काजूचा कारखाना काढू म्हणणारे मित्र हे सगळे दारात येतात. आपण ‘नाही’ म्हणू शकतो का, हे प्रत्येकाला स्वतःबद्दल ठाऊक असतं. ज्याला म्हणता येत नाही त्याने हमीची पेन्शन घ्यावी.

पन्नाशीत नोकरी सोडून बागेत जायचं असेल

कोकणात हा विचार खूप जणांच्या मनात असतो. कलमं धरती झाली, वडिलांना आता होत नाही, किंवा तारकर्लीला घराच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या आहेत. चोविसाव्या वर्षी लागलेला केंद्रीय कर्मचारी पन्नाशीला २६ वर्षं भरून स्वेच्छानिवृत्ती घेतो. यूपीएसमध्ये त्याची पंचवीस वर्षांची अट पूर्ण झाली, पण पेन्शन त्या दिवसापासून मिळत नाही. तो नोकरीत राहिला असता तर ज्या दिवशी निवृत्त झाला असता, त्या दिवसापासून मिळते. म्हणजे मधली दहा वर्षं बागेच्या उत्पन्नावर काढायची. एका वर्षी अवेळी पाऊस आणि तुडतुडा आला तर काय होतं ते बागायतदाराला सांगायला नको. वीस वर्षं भरून पण पंचवीसच्या आत स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पेन्शन सेवेच्या प्रमाणात कमी, तीही त्याच दिवसापासून. राजीनामा, बडतर्फी किंवा सेवेतून काढून टाकणं यांत यूपीएसची हमी नाही.

केंद्राच्या २०२१ च्या एनपीएस नियमांत वीस वर्षांनंतर स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला नियत वयाने निवृत्त होणाऱ्यासारखेच लाभ मिळतात. ज्याचा बेत पक्का आहे त्याला एनपीएस सोयीची पडते.

अर्जाआधी कागद सरळ करा

एकदा सेवापुस्तक मागवून पहिल्या पानापासून बघा. जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग, जात पडताळणीची नोंद, कायमपणाचा आदेश, प्रत्येक बदलीतली कार्यमुक्ती आणि रुजू तारीख. मग कुटुंबाचा तपशील.

इथे आपल्याकडची एक खास अडचण येते. लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. नवऱ्याच्या सेवापुस्तकात ‘सुहासिनी’, आधारवर माहेरचं ‘मंदा’, बँकेच्या पासबुकावर ‘मंदाकिनी’, आणि विवाह नोंदणी केलेलीच नाही. नवरा हयात आहे तोवर कुणाला काही वाटत नाही. तो गेल्यावर ही तिन्ही नावं एकाच बाईची आहेत हे तिला एकटीला सिद्ध करावं लागतं. म्हणून आधी ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला काढा. मग एक नाव नक्की करा, लागल्यास राजपत्रात बदल छापून घ्या, आणि आधार, पॅन, पासबुक, सेवापुस्तक चारही ठिकाणी तेच करा. यूपीएसमध्ये कायदेशीर विवाहित जोडीदार हा शब्द असल्यामुळे या दाखल्याला आता पूर्वीपेक्षा जास्त वजन आहे.

नॉमिनी तपासा. नोकरी लागली तेव्हा आईचं नाव दिलेलं असतं, पुढे लग्न होतं आणि ते तसंच राहतं. प्राणच्या म्हणजे पेन्शन योजनेच्या खात्यावर, ग्रॅच्युइटीला, गटविम्याला आणि बँकेत नॉमिनी वेगवेगळे भरावे लागतात. एका ठिकाणी बदललं म्हणजे सगळीकडे बदललं असं होत नाही.

प्राण म्हणजे त्या खात्याचा तुमचा बारा आकडी कायम क्रमांक. त्याचं वार्षिक विवरण डाउनलोड करून पे स्लिपांशी महिनावार ताडून बघा. एनपीएसमध्ये तुमचे दहा आणि शासनाचे चौदा टक्के, दोन्ही ओळी दिसल्या पाहिजेत. बदलीच्या महिन्यात, पगार उशिरा निघालेल्या महिन्यात आणि फरकाच्या बिलात हप्ता हमखास राहतो. २०१५ पूर्वी लागलेल्या झेडपीच्या शिक्षकांनी डीसीपीएसच्या काळातली रक्कम व्याजासकट प्राणच्या खात्यात आली का हे खास पाहावं. नसेल तर डीसीपीएसच्या जुन्या चिठ्ठ्या, त्या वर्षांची पगारपत्रकं आणि एक साधा अर्ज, महिन्यांची यादी जोडून, आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे, म्हणजे तुमची पगारबिलं काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे द्या. तोंडी सांगून उपयोग नाही. त्या साहेबाची बदली होते आणि पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

बँक खातंही आत्ताच बघा. रक्कम देण्याआधी खात्यात एक रुपया पाठवून नाव जुळतं का ते तपासतात. नावात फरक असला तर तिथेच अडतं.

अर्ज देताना

केंद्रात १ एप्रिल २०२५ पासून नव्याने लागणाऱ्यांना यूपीएससाठी रुजू झाल्यापासून ३० दिवस मिळतात, फॉर्म ए१ भरायचा. काहीच दिलं नाही तर एनपीएस लागू राहते. आधीपासून सेवेत असलेल्यांसाठीची मुदत दोनदा वाढून ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत होती. ज्यांनी यूपीएस घेतली त्यांना एकदाच एनपीएसमध्ये परत जाता येतं, पण निवृत्तीच्या निदान एक वर्ष आधी, आणि स्वेच्छानिवृत्तीच्या निदान तीन महिने आधी. मोठ्या शिक्षेची विभागीय चौकशी चालू असेल तर हा मार्ग बंद. परत गेल्यावर हमीची पेन्शन सुटते. एकदा मागे फिरलं की पुन्हा यूपीएसमध्ये येता येत नाही, म्हणून ही सोय निवृत्तीच्या दोन-तीन वर्षं आधी हिशेब करूनच वापरा.

राज्याच्या कर्मचाऱ्याने पर्याय कार्यालयप्रमुखाकडे द्यायचा. त्याआधी शासनाच्या संकेतस्थळावर वित्त विभागाचा सर्वांत ताजा शासन निर्णय उघडून मुदत आणि नमुना बघा. जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेत असाल तर आपल्या विभागाने तो निर्णय आपल्यालाही लागू केल्याचा आदेश निघाला आहे का तेही बघा. ग्रामविकास किंवा शालेय शिक्षणाचा आदेश वेगळा निघू शकतो.

अर्जावर सही करण्याच्या आदल्या दिवशी तो घरी न्या आणि नवरा-बायकोने मिळून वाचा. वर केलेला हिशेब तुमचे आकडे घालून शेजारी ठेवा. निवृत्तीनंतर ज्याला त्यावर जगायचं आहे त्याने तो आधी पाहिलेला असावा.

अर्ज दोन प्रतींत करा. एक आवक विभागात द्या, दुसरीवर तारखेचा शिक्का, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही घ्या. गर्दीत ‘ठेवा तिथे, बघतो’ म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. महिनाभराने आस्थापनेत जाऊन सेवापुस्तकात पर्यायाची नोंद झाली का ते स्वतः बघा आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. पुढच्या पे स्लिपवर कपात कुठल्या योजनेखाली दिसते तेही तपासा. शिक्क्याची प्रत, फोटो, विवाह नोंदणीचा दाखला आणि प्राणचं ताजं विवरण एका फाइलीत घाला. पावसाळ्यात कपाटातले कागद दमट होऊन एकमेकांना चिकटतात, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत. ती फाइल कुठे ठेवली आहे ते जोडीदाराला दाखवून ठेवा.